बाई पडद्यावर

४ तारीख, सोमवार

वार्षिक परीक्षा संपली, पोर्शन संपला, खडूसुद्धा संपत आले. फक्त शाळा संपायची आहे. यंदा संस्थेने नवा नियम काढलाय की निकाल लागेपर्यंत मुलांनी शाळेत यायचं. येऊन करायचं काय, हे नियमात नाही.

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांनी सभा घेतली. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक वर्गात स्मार्ट बोर्ड बसवला होता. संस्थेचे सचिव आता विचारताहेत, त्याचा उपयोग काय केला. सर म्हणाले, "खरं सांगा, मी रागावणार नाही." खरं सांगायचं तर भूगोलाचे सर त्याच्यावर नकाशा टांगतात, चित्रकलेच्या बाई त्याच्या कडेला ओली चित्रं चिमट्याने वाळत घालतात आणि मी वर्गात शिरताना त्यात बघून केस सारखे करते. बंद असला की तो फार चांगला आरसा आहे.

"मग उरलेले दिवस सत्कारणी लावू," सर म्हणाले. "तंत्रज्ञान आणि उपक्रम. पुढाकार कोण घेणार?" त्याबरोबर सगळ्यांना आपापल्या पर्समध्ये नाहीतर खिशात काहीतरी शोधायचं आठवलं. मी हात वर केला. खरं तर केसांतला आकडा सुटला होता, तो लावायला केला होता. पण सरांचा चेहरा इतका उजळला की हात तसाच वर ठेवला. टाळ्या झाल्या. या स्टाफरूममध्ये इतक्या एकमताने टाळ्या पडल्याचं मला आठवत नाही.

घरी सांगितलं तर हे म्हणाले, "बळीचा बकरा सापडल्यावर टाळ्याच वाजवतात." ह्यांचा स्वभाव मुळातच तिरका. बँकेतून घरी बसल्यापासून जास्तच तिरका झालाय.

५ तारीख, मंगळवार

सातवी अ मध्ये बोर्ड सुरू केला. त्याचं पेन जिथे टेकवावं तिथे उमटत नाही, वीतभर बाजूला उमटतं. पाचाखालचं उत्तर साताखाली जाऊन बसलं.

मुलं म्हणाली, "बाई, चुकलं."

मी म्हटलं, "मी नाही चुकले, बोर्ड चुकला."

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "आम्ही पेन चुकलं म्हणून सांगितलं तर तुम्हाला चालत नाही."

मग प्रश्नमंजूषेचा खेळ लावला. दोन गट, बरोबर उत्तराला हात लावायचा. मुलांनी हात लावला नाही, थापा मारल्या. प्रत्येक थापेला बोर्डातून एक गोड आवाज म्हणायचा, "शाब्बास." वर्षभरात मी जितक्यांना शाब्बास म्हटलं नसेल तितक्यांना त्याने एका तासात म्हटलं. पहिल्या बाकावर एक मुलगी आहे, तिचं प्रत्येक वाक्य "पण बाई" ने सुरू होतं, म्हणून सगळा वर्ग तिला पणबाई म्हणतो. मीही म्हणते, मनातल्या मनात. ती म्हणाली, "पण बाई, चुकलं तरी शाब्बासच म्हणतंय." मी म्हटलं, त्याला प्रोत्साहन म्हणतात.

दारातून मुख्याध्यापक बघत होते. आवाज ऐकून खूश झाले असावेत. आपल्या वर्गात एवढा उत्साह मी स्वतःही कधी पाहिला नव्हता. गणित किती झालं, हा प्रश्न वेगळा.

७ तारीख, गुरुवार

आजचा दिवस लिहून ठेवायलाच हवा. सरांनी केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. चहा मागवला. मग म्हणाले, "बाई, तुमचं शिकवणं हा या शाळेचा ठेवा आहे. तो जपून ठेवायला हवा."

कल्पना अशी की सातवीच्या गणिताच्या प्रत्येक प्रकरणाचे छोटे छोटे पाठ मी वर्गात घ्यायचे आणि मुलांनी ते चित्रित करायचे. म्हणजे तंत्रज्ञानही झालं आणि उपक्रमही झाला. नाव, आदर्श पाठमाला. सुरुवात माझ्यापासून.

मी म्हटलं, "सर, इतरही चांगलं शिकवतात." असं म्हणायचं असतं. सर म्हणाले, "शिकवतात हो, पण तुमच्याइतकं स्पष्ट कुणी नाही." तेवीस वर्षांत हे वाक्य मला कुणी ऐकवलं नव्हतं. चहात साखर नव्हती हे घरी आल्यावर लक्षात आलं.

स्टाफरूममध्ये धाकट्या बाई भेटल्या. सातवी ब ला गणित शिकवणारी ही मुलगी. मुलं मला मोठ्या बाई म्हणतात आणि तिला धाकट्या बाई. वर्षावर्षाच्या नेमणुकीवर आहे, कष्टाळू आहे. तिने अभिनंदन केलं आणि विचारलं, "सगळेच पाठ रेकॉर्ड करणार का हो, बाई? एकूण एक?"

मी म्हटलं, "एकूण एक."

ती बराच वेळ आपल्या डब्याच्या झाकणाकडे बघत राहिली. तिलाही संधी हवी होती बहुतेक. या वयात असा हेवा वाटतोच, मी मनावर घेतलं नाही.

हे म्हणाले, "ठेवा म्हणाले का? ठेवा जपायचा म्हणजे कुलपात घालायचा." कौतुकाचा एक शब्द तोंडातून निघेल तर शपथ.

८ तारीख, शुक्रवार

पहिलं चित्रीकरण. मी कडक इस्त्रीचे कपडे घातले, चष्मा दोनदा पुसला. मुलांत कामं वाटली. वर्षभर ज्यांना वर्गाबाहेर उभं केलं त्यांनाच सगळी महत्त्वाची कामं हवी होती. शेवटच्या बाकावरचा लंबू कॅमेऱ्यामागे उभा राहिला आणि लगेच दिग्दर्शक झाला. मला म्हणाला, "बाई, हनुवटी जरा खाली." याच मुलाला मी गेल्या महिन्यात गृहपाठ न केल्याबद्दल उभं केलं होतं.

एक मोठा शोध लागला. कॅमेरा चालू असला की वर्ग चिडीचूप असतो. इतकी वर्षं मी टेबल आपटत होते, डस्टर आपटत होते, आवाज बसवून घेत होते.

विषय घेतला अपूर्णांकांचा भागाकार. भागाकाराच्या जागी गुणाकार करा, पुढचा अपूर्णांक उलटा करा, झालं. इतक्यात पहिल्या बाकावरून, "पण बाई, उलटा का करायचा?"

मी थांबले. कागदाची पट्टी काढली, घड्या घालून दाखवल्या, दोघांना फळ्याशी बोलावलं, त्यांच्यात वाद झाला, तो मिटवला. तासातला बराचसा वेळ त्यातच गेला. शेवटी दिग्दर्शक म्हणाला, "बाई, तिच्यापासून पुढचं सगळं कापावं लागेल. पाठ लांबतो." कापलं. उरलं ते पाहून सर म्हणाले, "वा, किती सुटसुटीत."

सुटसुटीत होतंच.

११ तारीख, सोमवार

पणबाईला बाजूला घेऊन समजावलं. म्हटलं, शंका विचारणं चांगलंच, पण चित्रीकरण संपल्यावर विचार. तिने मान हलवली. पहिल्याच पाठात तिचा हात पुन्हा वर. मग मी युक्ती केली. तिला एक महत्त्वाचं काम दिलं. मोठ्या पुठ्ठ्यावर "शांतता" असं लिहिलं आणि ती पाटी दोन्ही हातांनी धरून कॅमेऱ्यामागे उभं राहायला सांगितलं.

आजचे एकूण एक पाठ अडथळ्याविना पार पडले. दोन्ही हात पाटीला गुंतल्यावर माणूस विचारणार कशाने. ही युक्ती मी इतर शिक्षकांनाही सांगितली. चित्रकलेच्या बाई माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या. त्यांना सुचली नसावी.

चित्रीकरण संपल्यावर पणबाईला म्हटलं, "हं, आता विचार काय विचारायचं ते." ती म्हणाली, "आता आठवत नाही, बाई."

१४ तारीख, गुरुवार

पाठ भराभर होताहेत. एक प्रकरण म्हणजे दोन पाठ, कधीकधी एकच. वर्षभर जे शिकवायला जीव जात होता ते आठवड्यात आटोपतंय. हे आधीच का सुचलं नाही कुणाला?

इतिहासाचे सर म्हणाले, "बाई, तुम्ही तर आता अमर झालात." मी म्हटलं, "चेष्टा नका करू." ते म्हणाले, "चेष्टा नाही करत," आणि वर्तमानपत्रात डोकं घातलं. मी त्यांनाही पाठ चित्रित करायला सुचवलं, तर त्यांचा घसा बसलाय. भूगोलाच्या सरांचाही बसलाय. या शाळेत घशाची साथ आलेली दिसते.

धाकट्या बाईंना मी आपणहून म्हटलं, "माझे पाठ बघत जा गं, तुला उपयोगी पडतील." ती म्हणाली, "बघते ना, बाई. बघावेच लागतील." आज तिला कपाटाची किल्ली ऑफिसात जमा करायला सांगितलंय. तिच्या कपाटाचं दार कुरकुरतंच, बदलून देणार असतील. माझ्याही कपाटाचं कुरकुरतं, पण माझ्याकडे कुणी किल्ली मागितली नाही. असो. तरुणांचं आधी व्हावं.

जेवताना ह्यांनी बँकेतली जुनी गोष्ट काढली. "आमच्या शाखेत ते पैसे देणारं मशीन आलं, तेव्हा साहेबांनी मला त्याच्या शेजारी उभं केलं होतं. म्हणाले, तुमच्याइतकं गोड बोलून लोकांना कुणी शिकवणार नाही. मी शिकवलं. म्हाताऱ्याकोताऱ्यांना बोट धरून बटणं दाबायला शिकवलं. सगळे शिकले."

"मग?"

"मग मी घरी आलो."

मी म्हटलं, "लोकांची सोय झाली ना." हे म्हणाले, "झाली की. भाजी वाढ." ह्यांना प्रत्येक गोष्टीत बँक दिसते.

१९ तारीख, मंगळवार

पाठमाला पूर्ण झाली. सचिव शुक्रवारी प्रात्यक्षिक बघायला येणार. वर्ग कुठला, तर सातवी ब. मला वाटलं, माझ्या अ च्या मुलांनी सगळं आधीच बघितलंय म्हणून ब घेतला असेल.

सुट्टीनंतर ब च्या वर्गावरून जात होते तर धाकट्या बाई भिंतीवरचे तक्ते काढून गुंडाळत होत्या. तिने स्वतः रंगवलेले, हाताने कापलेले तक्ते. कोनांचा तर इतका सुबक आहे की मी दोनदा मागून नेला होता.

"इतक्यात काढतेस? निकाल तर लागू दे."

"पुढच्या वर्षी ब ला तुम्ही आहात ना, बाई."

"मी कशी? मी अ ला आहे."

"अ ला तुम्ही. ब लाही तुम्हीच. पडद्यावर."

मी हसले. ती हसली नाही. तक्त्याला रबर लावत म्हणाली, "मुलांवर लक्ष ठेवायला एक मदतनीस बसणार आहे. बोर्ड चालू करायचा, पाठ झाला की बंद करायचा. सरांनी मलाच विचारलं, तुम्ही बसता का म्हणून. पगार निम्मा."

"मग काय म्हणालीस?"

"विचार करून सांगते म्हटलं. आईचं औषधपाणी माझ्यावरच आहे, नाही तरी कसं म्हणू? पण बाई, तुमचा पाठ चालू असताना मुलांनी मला काही विचारलं तर मी काय करायचं? सरांना विचारलं मी. ते म्हणाले, तोंडावर बोट ठेवायचं."

आता मनात जे आलं ते लिहिते, ही वही कुणी वाचणार नाही. पहिल्यांदा मला वाईट वाटलं नाही. दोन्ही तुकड्यांना मीच, या विचाराने क्षणभर छाती फुगली. मग तिच्या हातातल्या गुंडाळ्यांकडे लक्ष गेलं.

घरी भाजी चिरताना मशीनची गोष्ट आठवली. तेव्हा ऐकली होती, आज कळली. गणिताच्या बाईला दोन अधिक दोन करायला इतका वेळ लागू नये.

२० तारीख, बुधवार

सरांना भेटले. आज चहा नव्हता. म्हटलं, "सर, ब च्या वर्गात माझे पाठ लावणार असं कळलं."

"अहो, अन्याय का ब वर? अ च्या मुलांना तुम्ही आणि ब च्या मुलांना नाही?"

"पण ती मुलगी चांगली शिकवते."

"शिकवते ना. म्हणून तर तिलाच बसायला विचारलं. तिची नेमणूक तशीही वर्षाचीच होती."

"आणि दोन वर्षांनी मी निवृत्त होणार, तेव्हा अ चं काय?"

सर समाधानाने मागे टेकले. "बाई, तुम्ही निवृत्त होणारच नाही. तेच तर आहे."

"आणि पगार?"

"पडद्याला कसला पगार?" सर हसले. मीही हसले, सवयीने. हसू अर्ध्यावर आल्यावर कळलं कशाला हसतेय ते.

मी म्हटलं, पाठ वापरू नका. ते म्हणाले, सचिवांचं ठरलंय, आता माघार नाही, आणि लोक काय म्हणतील, स्वतःच्या पाठांवर बाईंचा स्वतःचाच भरवसा नाही? हे मला लागलं. तशीच बाहेर आले.

ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी एकही टोमणा मारला नाही. त्याचाच मी जास्त धसका घेतला. मग म्हणाले, "मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी मी बटणं शिकवलीच असती. आवडायचं मला ते."

२२ तारीख, शुक्रवार

प्रात्यक्षिक झालं. कसं झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर माझाच विश्वास बसणार नाही.

ब चा वर्ग, मुलं हाताची घडी घालून बसलेली. सचिव, मुख्याध्यापक आणि मी मागे खुर्च्यांवर. धाकट्या बाईंना खुर्ची कमी पडली, ती दाराशी उभी. माझ्या वर्गातला लंबू बोर्ड चालवायला आणि पणबाई पाटी धरायला आली होती. म्हणजे मंडळी सगळी आमचीच.

बोर्डावर मी आले. स्वतःला इतकं मोठं कधी पाहिलं नव्हतं. इस्त्री उत्तम होती. पण मी मुलांकडे बघतच नव्हते, त्यांच्या डोक्यावरून कुठेतरी बघत होते. तासाला दहादा कुणाला तरी नावाने हाक मारणारी मी, पडद्यावर नुसती "मुलांनो, मुलांनो" करत होते. शेवटी म्हणाले, "कुणाला काही शंका? नाही ना? मग पुढे जाऊ या." प्रश्न आणि उत्तर यांच्यात टाचणी ठेवायला जागा नव्हती. आधी वाटलं, लंबूने कापलं असणार. मग आठवलं, तिथे कापण्यासारखं काही नव्हतंच. मी तशीच बोलते.

सचिव म्हणाले, "वर्ग किती शांत आहे." मुख्याध्यापक म्हणाले, "आमची हीच खासियत." सचिवांनी एका मुलाला उठवून विचारलं, "अर्धा भागिले पाव किती?" मुलाने हवेत बोटाने उलटंसुलटं केलं आणि म्हणाला, "दोन."

"शाब्बास," सचिव म्हणाले. प्रयोग यशस्वी झाला. मुख्याध्यापक हार आणायला सांगणार इतक्यात सचिव म्हणाले, "थांबा जरा. अर्ध्याला भागलं आणि दोन आले? भागल्यावर कमी व्हायला पाहिजे. वाढलं कसं? पुन्हा लावा बघू."

लंबूने पुन्हा लावलं. मी पडद्यावरून पुन्हा म्हटलं, पुढचा अपूर्णांक उलटा करा. कुणाला काही शंका? नाही ना?

"आहे," सचिव म्हणाले. "मला आहे."

"मग पुढे जाऊ या," मी पडद्यावरून म्हणाले.

मुख्याध्यापकांनी लंबूला खूण केली, मागे घे. त्याने मागे घेतलं. तिसऱ्या वेळी सचिव खुर्चीत पुढे सरकून थेट पडद्याला म्हणाले, "अहो बाई, पण उलटा का करायचा?" वर्गात कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच हसले. पणबाईने पाटीकडे एकदा पाहिलं आणि हळूच ती उलटी फिरवून कोरी बाजू पुढे केली.

मुख्याध्यापक माझ्या कानाशी लागले. "बाई, सांगून टाका ना पटकन."

उत्तर जिभेवर होतं. सांगायची विलक्षण ओढ लागली होती. सचिव माझ्याकडे बघत होते, पडद्यावरची आणि खुर्चीतली एकच आहे हे त्यांना आत्ता कळत होतं. मी उठून दोन वाक्यांत सांगितलं असतं, त्यांनी वाहवा केली असती, ती दोन वाक्यं पाठाला जोडली असती आणि दाराशी उभी असलेली मुलगी तिथूनच बाहेर गेली असती.

मी म्हटलं, "साहेब, हा वर्ग यांचा आहे. या सांगतील."

धाकट्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती पुढे आली, वहीच्या पानाची लांब पट्टी फाडली, मधोमध घडी घालून तिचे दोन भाग केले आणि एक भाग सचिवांच्या हातात दिला. "ही अर्धी, साहेब." दुसरा भाग पुन्हा निम्मा करून त्यातला एक तुकडाही दिला. "हा पाव. आता बघा, तुमच्या अर्ध्यात हा पाव कितीदा बसतो?"

सचिवांनी पाव अर्ध्यावर ठेवला, सरकवला, पुन्हा ठेवला. "दोनदा."

"तेच ते दोन."

"म्हणजे आपण कमी नाही करत आहोत. कितीदा बसतो ते बघतोय."

"हो साहेब."

सचिव पट्टीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आणि पाव भागिले अर्धा?" त्याबरोबर ब च्या निम्म्या वर्गाचे हात वर गेले. एक जण म्हणाला, अर्धा त्यात बसणारच नाही, मोठा आहे. दुसरी म्हणाली, बसेल, पण सगळा नाही, अर्धाच बसेल. भांडण लागलं. धाकट्या बाई मधे पडल्या नाहीत, दोघांना एकेक पट्टी दिली. सचिव खुर्ची ओढून त्या बाकाशी जाऊन बसले. मुख्याध्यापक घड्याळाकडे बघत होते. बराच वेळ कुणी हात न लावल्यामुळे बोर्ड आपोआप विझला. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तास संपल्यावर सचिव उठले, कागदाचे तुकडे खिशात घातले आणि म्हणाले, "उत्तम. फारच उत्तम. मला शाळेत असताना हे कुणी सांगितलंच नाही."

माझा जीव भांड्यात पडला.

मग ते मुख्याध्यापकांकडे वळून म्हणाले, "हेही रेकॉर्ड करून घ्या."

२५ तारीख, सोमवार

काल दिवसभर कपडे वाळत घालता घालता विचार केला. तिचंही रेकॉर्ड झालं की तिचीही गरज संपली. आगीतून फुफाट्यात. सरळ सांगून सर ऐकत नाहीत, हे कळलंच होतं. तेव्हा सरांच्याच भाषेत बोलायचं ठरवलं.

केबिनमध्ये गेले. म्हटलं, "सर, शंका रेकॉर्ड करायच्या तर आधी त्या यायला हव्यात. त्या मागितल्या म्हणून येत नाहीत. शिकवताना येतात, आणि कुठे येतील ते आधी सांगता येत नाही."

"मग?"

"मग एका शिक्षिकेने वर्षभर एका तुकडीला शिकवायचं. मुलं विचारतील, ती समजावेल. शंका जमत जातील. शंका संकलन प्रकल्प."

सरांनी पेन उघडलं. "शिकवायचं म्हणजे, रोज?"

"रोज. खडू, फळा, गृहपाठ, सगळं. प्रकल्पाचा भाग म्हणून."

"कल्पना अभिनव आहे," सर म्हणाले. माझ्यासमोरच त्यांनी सचिवांना फोन लावला. "साहेब, मला एक गोष्ट सुचली..." शाळा सुटायच्या आत मंजुरी आली.

धाकट्या बाई आता प्रकल्प समन्वयक झाल्या. काम, सातवी ब ला गणित शिकवणे. पगार पूर्वीचाच. म्हणजे काल जे होतं तेच आज आहे, फक्त त्याला नाव आणि फाईल मिळाली. माझी पाठमाला प्रकल्पाची पूर्वतयारी म्हणून कपाटात जाईल. खरं सांगायचं तर समन्वयक हा शब्द ऐकून जरा झोंबलंच. कल्पना माझी होती.

ती तक्ते परत लावत होती, मी टाचण्या धरल्या. म्हणाली, "बाई, पण हा प्रकल्प संपला की?"

"शंका संपल्या की संपेल," मी म्हटलं. ती हसली. तिला इतक्या दिवसांत हसताना पाहिलं नव्हतं.

कोनांचा तक्ता तिने मला देऊन टाकला. मी नको नको म्हटलं आणि घेतला.

२९ तारीख, शुक्रवार

वर्षाचा शेवटचा दिवस. निकाल वाटले. शेवटचा तास माझ्या वर्गावर होता. कॅमेरा ऑफिसात जमा, बोर्ड बंद. मला वाटलं, इतके दिवस मुलांना गप्प बसवलं, आज मोकळं सोडू. म्हटलं, "आज पाठ नाही, रेकॉर्डिंग नाही. वर्षभरातलं काहीही विचारा."

कुणी काही विचारलं नाही.

मी थांबले. सगळे हाताची घडी घालून माझ्याकडे बघत होते, आदर्श वर्ग बघतो तसे. पणबाईसुद्धा. तिचे हात मोकळे होते, तरी खालीच. तोंडावर आलं होतं, नाही ना, मग पुढे जाऊ या. जीभ चावली आणि टेबलाच्या कडेवर बसून राहिले. कुणी खिडकीबाहेर बघितलं, कुणी निकालपत्रकाची घडी घातली. वर्गातली शांतता मला कधी इतकी जड झाली नव्हती.

पुष्कळ वेळाने शेवटच्या बाकावरून लंबू उठला. दिग्दर्शक. म्हणाला, "बाई, रागावणार नाही ना?"

"नाही."

"मला अपूर्णांक कळलेलेच नाहीत."

"भागाकार?"

"नाही, बाई. अपूर्णांकच. पहिल्यापासून."

"अरे, पण सगळे पाठ तूच चित्रित केलेस ना? तीन तीन वेळा ऐकले असशील."

"पाठ आहेत मला," तो म्हणाला. "म्हणून दाखवू?"

आणि त्याने म्हणून दाखवलं. माझाच आवाज, माझाच हेल, "कुणाला काही शंका, नाही ना" सकट. वर्ग हसला. तो हसला नाही, मलाही हसू आलं नाही.

घंटा झाली. मुलं दप्तरं उचलून निघाली, पाया पडायला आलेल्यांना मी पळा म्हटलं. लंबूही निघाला होता. मी म्हटलं, "तू कुठे चाललास? पुढे ये, पहिल्या बाकावर बस." तो बसला. पणबाई दारापर्यंत जाऊन परत आली आणि त्याच्या शेजारी बसली. मी विचारलं, "तुला काय झालं?" ती म्हणाली, "पण बाई, याला कसं सांगता ते मला बघायचंय."

अर्धा म्हणजे काय, इथपासून सुरुवात केली. पाव कळायलाच पुष्कळ वेळ लागला. मधेच लंबू म्हणाला, थांबा बाई, हे मला नाही पटत, आणि मी थांबले. शाळेत आमच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.

घरी पोचायला उशीर झाला. ह्यांनी ताट झाकून ठेवलं होतं. म्हणाले, "आज रेकॉर्डिंग फारच लांबलं वाटतं."

म्हटलं, "नाही हो. शिकवत होते."